छोट्या शहराच्या पाणीपुरवठा प्रकल्पाचे मूल्यमापन: कामाचा क्रम, मोजणी आणि नेहमीच्या चुका

विकास बँकेच्या कर्जातून किंवा अनुदानातून झालेल्या पाणी योजनांचे मूल्यमापन अहवाल वाचले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. किती किलोमीटर जलवाहिनी टाकली, किती टाक्या बांधल्या, किती नळजोडण्या दिल्या याचा हिशेब चोख असतो. शेवटच्या गल्लीतल्या नळाला पाणी किती वेळ, किती दाबाने आणि किती शुद्ध येते, हे मात्र कोणी मोजलेलेच नसते. दुसरी चूक क्रमाची आहे. आधी घरोघरचे सर्वेक्षण उरकले जाते आणि वेळ उरला तर पंपघराला भेट दिली जाते. हा क्रम उलटा हवा. व्यवस्थेतून प्रत्यक्ष किती पाणी जाते हे कळल्याशिवाय घरी काय विचारायचे, हेच ठरत नाही.

पुढील टप्पे साधारण लाखभरापर्यंत लोकवस्तीच्या शहरातील नळपाणी योजना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत.

## टप्पा १: प्रश्न कमी ठेवा, वेळ नीट निवडा

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये मूल्यमापनाचे पाच निकष मांडले. २०१९ मध्ये त्यात सुसंगतीची भर पडून ते सहा झाले: समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि शाश्वतता. बहुतेक कार्यकक्षांमध्ये (मूल्यमापनात काय करायचे हे ठरवणाऱ्या दस्तऐवजांमध्ये) हे सहाच्या सहा निकष उतरवलेले असतात आणि प्रत्येकाखाली पाच-सहा प्रश्न असतात. उपलब्ध वेळेत एवढ्या प्रश्नांची धड उत्तरे मिळत नाहीत. निधी देणाऱ्या संस्थेशी पहिल्याच बैठकीत बोलून चार-पाच मुख्य प्रश्न ठरवा आणि बाकीच्यांना एकेका परिच्छेदात उत्तर देण्याची परवानगी लेखी घ्या.

वेळेचाही विचार करा. काम पूर्ण झाल्याबरोबर गेलात तर फक्त बांधकाम तपासता येते. दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे कामातले दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी कंत्राटदारावर असते तोवर, त्याची माणसे अजून गळती दुरुस्त करत असतात, त्यामुळे व्यवस्था आहे त्याहून चांगली दिसते. योजना स्थानिक संस्थेच्या हाती जाऊन किमान दोन वर्षे झाल्यावर मूल्यमापन करा. एक भेट पाणीटंचाईच्या महिन्यांत हवीच. भरल्या हंगामात कोणतीही योजना बरी चाललेली दिसते.

तपासणी: प्रत्येक प्रश्नासमोर तीन गोष्टी लिहा: कोणता आकडा लागेल, तो कुठून मिळेल आणि कोण मोजेल. एकही रकाना रिकामा राहिला तर प्रश्न बदला.

## टप्पा २: कागद आधी, प्रवास नंतर

पुढील कागद भेटीच्या किमान महिनाभर आधी मागवा:

- मंजुरीच्या वेळचा प्रकल्प अहवाल, कर्जकरार आणि त्यातल्या सर्व दुरुस्त्या
- संकल्पन (योजनेच्या तांत्रिक आखणीचा) अहवाल आणि काम झाल्यानंतरचे, प्रत्यक्षातले नकाशे
- अंतिम देयके, चाचणी अहवाल, हस्तांतरणाचा दाखला
- पंपघर व जलशुद्धीकरण केंद्राची गेल्या ३६ महिन्यांची वीजबिले
- पंप, क्लोरीन आणि पुरवठ्याच्या वेळांच्या नोंदवह्या
- पाणीपट्टीची मागणी आणि वसुली, विभागवार
- तक्रार नोंदवही आणि कर्मचाऱ्यांची यादी

यातली वीजबिले सर्वांत मोलाची. नोंदवही कोणालाही नंतर भरता येते, वीजबिल बाहेरची यंत्रणा देते.

सावधान: मधल्या काळात उद्दिष्टे बदलली का, हे करारातल्या दुरुस्त्यांमध्ये पाहा. १२,००० जोडण्यांचे उद्दिष्ट घटवून ७,००० केलेले असते आणि ७,१०० झाल्यावर 'उद्दिष्टापेक्षा जास्त' असे छापले जाते. अहवालात मूळ आणि सुधारित, दोन्ही उद्दिष्टांशी तुलना द्या आणि बदलाचे कारण लिहा.

## टप्पा ३: परिणामांची साखळी कागदावर काढा

उद्भवापासून, म्हणजे पाणी जिथून घेतले जाते तिथून, सुरुवात करा: उद्भव, उपसा, उद्धरण वाहिनी (पंपाने पाणी वर चढवणारी वाहिनी), शुद्धीकरण, टाकी, वितरण, नळ, घरातील वापर, आणि मग वेळेची बचत किंवा आरोग्य. प्रत्येक दोन कड्यांमध्ये कोणते गृहीतक आहे ते लिहा. जोडणी शुल्क गरीब घरांना परवडेल, वीज सलग मिळेल, उन्हाळ्यात उद्भवाला पाणी राहील, व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडतील. प्रकल्प फसतात ते बहुधा याच जागांवर.

क्षमता वापराची तुलना याच टप्प्यावर चुकते. योजना २५-३० वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी आखलेली असते. पाचव्या वर्षी शुद्धीकरण केंद्र ४५ टक्के क्षमतेने चालत असेल, तर ते अपयश ठरत नाही. संकल्पन अहवालात पाचव्या वर्षासाठी जी मागणी धरली होती, तिच्याशी तुलना करा. उलट पाचव्याच वर्षी केंद्र पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर आनंद मानण्याआधी गळती तपासा.

## टप्पा ४: प्रकल्प नसता तर काय झाले असते?

'आधी' आणि 'नंतर' एवढीच तुलना पुरत नाही. शहरे तशीही बदलतात. स्थानिक संस्था स्वतःच्या पैशातून एखादा पंप बसवते, लोक बोअर मारतात.

समजा प्रकल्पाच्या शहरात रोजचा पुरवठा २ तासांवरून ५ तासांवर गेला. त्याच काळात, प्रकल्प नसलेल्या पण तशाच दुसऱ्या शहरात तो २ तासांवरून ३.५ तासांवर गेला. प्रकल्पाच्या खाती जमा होणारी वाढ ३ तासांची नाही, दीड तासाची आहे.

तुलनेचे शहर निवडताना लोकसंख्या, उद्भवाचा प्रकार आणि आधीच्या काळातील पुरवठ्याचा कल पाहा. त्याच फेरीत अर्ज करून पात्र ठरलेली, पण निधी न मिळालेली शहरे सर्वांत योग्य. मात्र दोन्ही शहरे एकाच उद्भवावर असतील तर तुलना बाद. एकाने जास्त उपसा केला की दुसऱ्याचे पाणी घटते.

तुलनेचे शहर मिळालेच नाही, तर शहरातील विभाग वेगवेगळ्या वर्षी जोडले गेले असतील त्यांची आपसात तुलना करा. तेही शक्य नसेल तर 'प्रकल्पामुळे झाले' असे लिहू नका. 'प्रकल्पाचे योगदान आहे' असे लिहा आणि ते कशावरून, हे दाखवा.

सावधान: पायाभूत (प्रकल्पाआधीचे) सर्वेक्षण झालेले नसेल तर लोकांना 'सात वर्षांपूर्वी किती लिटर पाणी मिळत होते?' असे विचारू नका. लिटर कोणाच्या लक्षात राहत नाहीत. घरात नळ होता की नाही, पाणी कुठून आणत होते, कोण आणत होते, हे लोकांना आठवते. प्रश्न एखाद्या निवडणुकीशी, पुराशी किंवा घरातल्या लग्नाशी जोडा.

## टप्पा ५: पाणी मोजा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. पुढचा प्रत्येक निष्कर्ष या मोजणीवर उभा राहणार आहे.

### ५.१ मुख्य मीटर खरा आहे का?

मीटरच्या तबकडीवरचा आकडा तसाच उतरवू नका. टाकीच्या साहाय्याने तो तपासता येतो. टाकीचा आतला व्यास मोजा, आवक आणि जावक असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा आणि १५ मिनिटे पातळी पाहा. पातळी उतरली तर जावकेचा व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा टाकीच गळते आहे. आधी ते निस्तरा. पातळी स्थिर असेल तर फक्त आवक उघडा आणि एक तास भरू द्या.

१२ मीटर व्यासाच्या टाकीचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस मीटर. तासाभरात पातळी १.२० मीटरने चढली, तर सुमारे १३६ घनमीटर पाणी आले. त्याच तासात मीटरने १६५ दाखवले असतील, तर तो सुमारे २२ टक्के जास्त दाखवतो. वाकण किंवा व्हॉल्व्हला खेटून बसवलेले मीटर असे हमखास चुकतात. चाचणी दोनदा करा.

### ५.२ वीजबिलावरून उलटतपासणी

मीटर बंद असेल तर हाच मार्ग उरतो. मीटर चालू असला तरी ही तपासणी करा. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला शंभर टक्के कार्यक्षमतेने ०.००२७२५ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता आणि घर्षणासह एकूण शीर्ष (पाणी जितके उंच चढवायचे ती उंची) ६० मीटर धरले, तर दर घनमीटरला ०.२७२५ युनिट. महिन्याचे बिल २७,००० युनिटांचे असेल, तर सुमारे ९९,००० घनमीटर, म्हणजे रोज साधारण ३,३०० घनमीटर पाणी उपसले गेले.

आता नोंदवहीत रोज ५,००० घनमीटर लिहिलेले आहे असे समजा. तेवढ्याच विजेत एवढे पाणी चढवायला पंपसंचाची कार्यक्षमता ९१ टक्के हवी. अशा योजनांतल्या पंपसंचाकडून ती मिळत नाही. म्हणजे नोंदवही चुकीची आहे, आणि दरडोई पुरवठ्याचे सगळे आकडेही तिच्यासोबत गेले.

तपासणी: त्याच वीजमीटरवर दिवे, कार्यालय किंवा दुसरा पंप आहे का ते पाहा, तो भार वजा करा. शीर्ष कागदावरून घेऊ नका, पंपाजवळचा दाबमापक आणि उद्भवाची पातळी पाहून काढा.

### ५.३ पाण्याचा ताळेबंद

व्यवस्थेत आलेले पाणी वजा बिल झालेले पाणी, म्हणजे महसूल न देणारे पाणी. सूत्र सोपे आहे, पण बिल झालेले पाणी खरोखर मोजलेले असते का, ते विचारा.

एका शहरात ६,००० जोडण्या आहेत. २,००० जोडण्यांना मीटर असून त्यांचा रोजचा वापर ७०० घनमीटर. उरलेल्या ४,००० जोडण्यांना ठोक पाणीपट्टी आहे आणि प्रत्येकी रोज ६०० लिटर वापर 'धरलेला' आहे, म्हणजे २,४०० घनमीटर. एकूण ३,१००. आवक ३,३००. गळती फक्त ६ टक्के! हा आकडा अहवालात दिमाखाने येतो. आता ठोक दराच्या घरांपैकी ५०-६० घरे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि तिथे दोन आठवडे तात्पुरते मीटर लावा. सरासरी ३५० लिटर निघाली, तर त्या गटाचा वापर १,४०० आणि एकूण २,१००. तूट १,२०० घनमीटर, म्हणजे ३६ टक्के.

सावधान: ठरावीक वेळीच पाणी येत असेल तर वाहिनीतली हवा आधी बाहेर पडते आणि मीटर हवेनेही फिरतो. तात्पुरते मीटर लावलेल्या काही घरांत बादलीने मोजून पडताळा घ्या. रात्रीच्या किमान प्रवाहावरून गळती काढण्याची पद्धत चोवीस तास दाब असलेल्या जाळ्यासाठी आहे. रोज तीन तास चालणाऱ्या जाळ्यात ती वापरू नका.

### ५.४ दाब आणि तास

प्रत्येक वितरण विभागात किमान तीन ठिकाणी दाब नोंदणारी उपकरणे सलग सात दिवस लावा: टाकीजवळ, मध्यभागी आणि सर्वांत उंच किंवा सर्वांत लांबच्या टोकाला. ठिकाणे नकाशा पाहून तुम्ही निवडा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला निवडायला सांगितले, तर तो सोयीची घरे दाखवेल. नोंद दर एक ते पाच मिनिटांनी हवी. तासाला एक नोंद घेतली तर अर्ध्या तासाचा पुरवठा दिसतच नाही.

आलेख वाचताना तीन गोष्टी शोधा. पुरवठ्याचे खरे तास मोजताना दाब शून्याच्या वर असणे पुरेसे नाही. संकल्पनात धरलेला शेवटच्या टोकाचा किमान दाब मिळाला तेवढीच मिनिटे धरा. पुरवठा सुरू असताना दाब शून्याखाली जात असेल, तर लोक थेट वाहिनीला पंप लावून पाणी ओढत आहेत आणि गटाराजवळच्या फुटक्या सांध्यातून घाण आत येण्याचा धोका आहे. आणि आठवड्यातला एखादा दिवस पूर्ण कोरा असेल, तर 'रोज पाणी' हा दावा तिथेच संपला.

### ५.५ गुणवत्ता

उर्वरित मुक्त क्लोरीन नळावरच तपासा, बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेऊ नका. वाटेत तो उडतो. डीपीडी अभिकर्मक (क्लोरीन असल्यास पाण्याला रंग देणारे रसायन) टाकल्यावर रंग लगेच, मिनिटभराच्या आत वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पीएच ८ च्या खाली असताना ३० मिनिटांच्या संपर्कानंतर किमान ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन असावा आणि ग्राहकापर्यंत किमान ०.२ पोहोचावा. १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय आढळता कामा नये.

जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेली हवी, नाहीतर उरलेला क्लोरीन वाटेतच जिवाणू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना थंड आणि अंधारात ठेवा. शक्यतो सहा तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत तपासणी सुरू व्हायला हवी. खंडित पुरवठ्यात दोन नमुने घ्या: पाणी आल्याबरोबरचा आणि १५ मिनिटांनंतरचा. घरातल्या पिंपातला नमुना वेगळा ठेवा. पिंपातली घाण योजनेच्या नावावर लिहू नका.

## टप्पा ६: आता घरोघर जा

सर्वांत महागात पडणारी चूक नमुना निवडीत होते. घरांची यादी म्हणून नळजोडणीचे रजिस्टर घेतले, तर जोडणी नसलेली सगळी घरे मूल्यमापनातून गायब होतात. आणि प्रकल्प त्यांच्यापर्यंत पोहोचला का, हाच तर प्रश्न असतो. वस्तीच्या नकाशावरून घरांची नवी यादी करा. भाडेकरू, सामाईक नळावरची घरे आणि हद्दीलगतच्या अनियमित वस्त्या वेगळ्या नोंदवा.

९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटीसाठी साध्या यादृच्छिक निवडीत ३८५ घरे लागतात. पण गल्ल्या निवडून त्यांतली घरे घेतली, की शेजाऱ्यांची उत्तरे सारखी येतात. म्हणून संख्या वाढवावी लागते. वाढीचा गुणक २ धरला तर ७७०, आणि १० टक्के घरे बंद मिळतील असे धरले तर ८५६. प्रत्येक गल्लीत आठ-दहापेक्षा जास्त घरे घेऊ नका. टाकीजवळचे आणि शेवटच्या टोकाचे असे विभाग आधीच वेगळे करा, नाहीतर सरासरीत टोकाचा त्रास दिसेनासा होतो.

'तुम्ही समाधानी आहात का?' हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: काल पाणी किती वाजता आले? किती वाजता गेले? किती भांडी भरली? भांडी दाखवायला सांगा आणि त्यांची मापे घ्या. उत्तर घरात पाणी भरणाऱ्या व्यक्तीकडून घ्या. सोबत स्थानिक संस्थेचा कर्मचारी नको. तो दारात उभा असताना पाणीपट्टी किंवा गढूळ पाणी याबद्दल कोणी खरे बोलत नाही.

सावधान: एवढ्या नमुन्यावर लहान मुलांमधील अतिसार घटल्याचा दावा करू नका. ३८५ घरांत पाच वर्षांखालील १२० मुले सापडली आणि प्रमाण १० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, तर हा फरक तीन-चार मुलांचा आहे. ऋतू बदलला तरी एवढा फरक पडतो.

## टप्पा ७: पैशाचा हिशेब

दोन हिशेब वेगळे ठेवा. पहिला योजना चालवणाऱ्याचा: चालू खर्च भागिले चालू उत्पन्न. इथे मागणीचे बिल धरू नका, वसुली धरा. १०० ची मागणी, ६२ ची वसुली आणि ८० चा खर्च असेल, तर मागणीवर गुणोत्तर ०.८० येते आणि योजना सक्षम दिसते. वसुलीवर ते १.२९ येते. विजेची थकबाकी खर्चात घ्या. बिल भरले नाही म्हणून खर्च झालाच नाही, असे नसते.

दुसरा हिशेब समाजाचा, आर्थिक अंतर्गत परतावा दराचा, म्हणजे गुंतवणुकीवर समाजाला दरवर्षी किती टक्के परतावा मिळतो त्याचा. मंजुरीच्या वेळचे कोष्टक मिळवा आणि त्यात प्रत्यक्ष खर्च, प्रत्यक्ष तारखा व टप्पा ५ मधले मोजलेले पाणी भरा. सर्व आकडे स्थिर किमतींत (महागाई वगळून) हवेत, कर आणि अनुदान वगळून. फायदे दुबार मोजले जाणार नाहीत हे पाहा: पाण्यासाठी पैसे मोजण्याची तयारी धरली असेल, तर वेळेची बचत बहुतेक तिच्यातच आलेली असते. कोणत्या दराशी तुलना करायची हेही तपासा. आशियाई विकास बँक पूर्वी १२ टक्के धरत असे. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण दर ९ टक्के केला आहे. जुन्या प्रकल्पासाठी दोन्ही दरांशी तुलना द्या.

## टप्पा ८: उद्याही चालेल का?

इथे मुलाखतींवर विसंबू नका. राखीव पंप तुमच्यासमोर अर्धा तास चालवायला सांगा. नकाशावरचे दहा व्हॉल्व्ह निवडून शोधायला लावा आणि फिरवून पाहा. किती सापडले, किती फिरले हे लिहा. क्लोरीनचा साठा किती दिवसांचा आहे, आणि शेवटची खरेदी कधी झाली? वाहिनी फुटल्यावर दुरुस्तीला किती तास लागले, हे तक्रार नोंदवहीतल्या शेवटच्या वीस नोंदींवरून काढा. संपूर्ण जाळ्याची माहिती एकाच व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असेल आणि तो दोन वर्षांत निवृत्त होणार असेल, तर तो शाश्वततेचा धोका म्हणून पहिल्या पानावर नोंदवा.

## टप्पा ९: निष्कर्ष, गुण आणि अहवाल

प्रत्येक निष्कर्षासमोर पुरावा आणि त्याची भक्कमता लिहा: मोजलेले, नोंदवहीतून घेतलेले की सांगोवांगी. निकषांना गुण देण्याआधी मसुद्यातले आकडे पंपघर चालवणाऱ्यांना आणि लेखा विभागाला दाखवा. आकड्यातली चूक ते लगेच पकडतात. आकडा चुकला असेल तर दुरुस्त करा. निष्कर्ष आवडला नाही म्हणून तो सौम्य करू नका. त्यांचा आक्षेप अहवालात वेगळा छापा.

शिफारशी सातपेक्षा जास्त नकोत. प्रत्येकीत कोणी, कधीपर्यंत आणि कोणत्या पैशातून करायचे ते हवे. 'देखभाल सुधारावी' ही शिफारस नव्हे. 'मुख्य मीटर सरळ वाहिनीच्या भागात हलवावा आणि दर सहा महिन्यांनी टाकीच्या चाचणीने तपासावा' ही शिफारस आहे.

अहवालासोबत मूळ माहितीही सुपूर्द करा: दाबाच्या नोंदी, टाकी चाचणीची मोजमापे, नमुने घेतलेल्या नळांचे अक्षांश-रेखांश, मीटरची छायाचित्रे आणि कुटुंबांची नावे काढून टाकलेली सर्वेक्षणाची उत्तरे. पुढचे मूल्यमापन होईल तेव्हा त्याच नळांवर पुन्हा उपकरणे लावता येतील.